चार दिवसांचं अथेन्स: तारखांचा, कागदांचा आणि पैशांचा हिशोब

 

आज मी तुम्हाला एका सहलीबद्दल सांगणार आहे. फार मोठी नाही, चार दिवसांचीच. पण आपल्यासारख्या घरांत ती ठरवणं सोपं नसतं, कारण आपली वर्षाची सुट्टी आणि वर्षाची तिकिटं आधीच गावाच्या नावावर लिहिलेली असतात. जुलैमध्ये शाळा बंद झाली की मुंबई किंवा पुणे, तिथून गाव. लग्नं, मुंज, दवाखाना, बँकेतली कामं, आणि परत. त्यात स्वतःसाठी कुठे जायचं म्हटलं की मनात आधी अपराधी वाटायला लागतं. आमच्या सासूबाई कोल्हापूरला असतात. मी फोनवर अथेन्स म्हटल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "चार दिसांसाठी एवढं पैसं? त्यापेक्षा घरी या की." त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

तरी आम्ही गेलो. मुलगा बारावीला होता. पुढच्या जूनमध्ये तो पुण्याला कॉलेजला जाणार हे ठरलं होतं. चौघांनी मिळून कुठे जायचं असेल तर ती एकच सुट्टी उरली होती. तुमच्यापैकी ज्यांची मुलं नववी-दहावीत आहेत त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. म्हणून हा सगळा हिशोब तुमच्यासमोर मांडते, आमच्या चुकांसकट.

पहिली चूक तिकिटाची. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, ईदच्या सुट्टीसाठी, एका रात्री बारा वाजता मोबाइलवर स्वस्त तिकीट दिसलं. पैसे परत न मिळणारं होतं, पण भाव असा की हात थांबला नाही. चार तिकिटं काढली आणि मग व्हिसाची अपॉइंटमेंट शोधायला बसलो. सगळ्यात जवळची तारीख आमच्या विमानानंतरची निघाली! साडेतीन हजार दिरहम पाण्यात गेले. दोष कुणाचाच नाही, आमचाच. तेव्हा कळलं ते आधी सांगते: आपल्यासाठी सहल स्वस्त होते ती तिकिटामुळे नाही, क्रमामुळे. आधी तारीख, मग व्हिसा, तिकीट त्यानंतर.

आता तारीख. युरोपात राहणारे लोक अथेन्सला शनिवार-रविवारी सहज जाऊन येतात. आपल्याला इथून थेट विमानाने साधारण पाच तास लागतात. मुंबई तीन तासांवर, म्हणजे दोनच तास जास्त. हिवाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा दोन तास मागे असते, त्यामुळे सकाळी निघालं की दुपारच्या आत पोचतो आणि पहिला दिवस वाया जात नाही. अथेन्स हे चार दिवसांत बसणारं शहर आहे, कारण पाहण्यासारखं बरंचसं एका टेकडीभोवती पायी फिरण्याच्या अंतरात आहे.

आम्ही डिसेंबरच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी धरली. २०२४ साली २ आणि ३ डिसेंबर हे सोमवार-मंगळवार होते. त्याला शनिवार-रविवार जोडून सलग चार दिवस मिळाले, एकही रजा न टाकता. पण खरी गंमत रविवारी होती. ग्रीसमध्ये नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत दर पहिल्या रविवारी सरकारी प्राचीन स्थळं आणि संग्रहालयं सगळ्यांना फुकट असतात, आपल्यासारख्या परदेशी लोकांनासुद्धा. आणि १ डिसेंबर हा पहिला रविवार होता! नंतर एप्रिल २०२५ पासून ॲक्रोपोलिसचं तिकीट माणशी ३० युरो झालं आहे. म्हणजे नवरा-बायकोचेच ६० युरो. युरोचा भाव सव्वाचार दिरहम धरला तर अडीचशे दिरहमच्या वर. तेव्हा कॅलेंडर उघडून आपली लांब सुट्टी आणि तिथला पहिला रविवार जुळतो का, हे आधी बघा. एक सावधगिरी: शाळांच्या हिवाळी सुट्टीत जाणार असाल तर २५ आणि २६ डिसेंबर आणि १ जानेवारी या दिवशी ही स्थळं बंद असतात. चार दिवसांतले दोन बंद दारासमोर घालवू नका.

आता व्हिसा. ग्रीस शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावाच लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण कधी ते पंचेचाळीसवरही जाऊ शकतात. जून २०२४ पासून फी अशी आहे: मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना काही नाही. बारा पूर्ण झाली की फी मोठ्यांचीच. आम्ही तिघं मोठ्यांत, मुलगी अकरा वर्षांची. म्हणजे ३१५ युरो, सुमारे तेराशे चाळीस दिरहम. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं शुल्क वेगळं. हे पैसे व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाहीत, म्हणून कागद नीट लावा.

कागद कोणते? पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दोन कोरी पानं असलेला. इथला रहिवासी व्हिसा आणि एमिरेट्स आयडी, तेही परतीनंतर तीन महिने तरी वैध. ह्यात बरेच जण अडकतात. कंपनी बदलायच्या बेतात असाल किंवा रेसिडेन्सी संपत आली असेल, तर आधी तिचं नूतनीकरण करा. मग कंपनीचं एनओसी आणि पगाराचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट, ३० हजार युरोंचं कव्हर असलेला प्रवासी विमा, हॉटेलचं आणि विमानाचं आरक्षण. आरक्षण म्हणते आहे, विकत घेतलेलं तिकीट नाही. हॉटेलही रद्द करता येणारंच घ्या. एकच पालक मुलांना घेऊन जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र लागतं.

आई-बाबा इथे व्हिजिट व्हिसावर आले आहेत, त्यांनाही घेऊन जाऊ, असा विचार अनेकांच्या मनात येतो. माझ्याही आला होता. पण नियमाने शेंगेनचा अर्ज आपण जिथे कायदेशीर राहतो त्या देशातून करायचा असतो. त्यांचं राहणं भारतात, म्हणून त्यांचा व्हिसा भारतातूनच काढून आणणं बरं. इथे आल्यावर धावाधाव करून हाती निराशाच येते.

आणि आणखी एक गोष्ट, जी कुठल्या यादीत नसते. अर्ज दिल्यावर आपला पासपोर्ट काही दिवस आपल्याकडे नसतो. परदेशात राहणाऱ्या माणसाला रात्री-अपरात्री येणाऱ्या गावाच्या फोनची धास्ती असते, आणि त्या दिवसांत ती दुप्पट होते. आम्ही सप्टेंबरात अर्ज दिला तेव्हा सासऱ्यांची तब्येत थोडी नरम होती. मी ते अडीच आठवडे फोन उशाशी ठेवून झोपले. अडचण आलीच तर अर्ज मागे घेऊन पासपोर्ट परत मागता येतो, फी मात्र जाते. घरी कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, दिवस भरत आले असतील, तर त्या आठवड्यांत अर्ज देऊ नका.

व्हिसा हातात आल्यावर तिकीट. तेव्हा ते एप्रिलमधल्यापेक्षा महाग पडलं, हे कबूल करते. पण ह्या वेळी त्यावर बसून जाता आलं. स्वस्त विमानांच्या भरवशावर फार पुढचे बेत करू नका. विझ एअर अबुधाबीचं पहिलंच उड्डाण जानेवारी २०२१ मध्ये अथेन्सला गेलं होतं, आणि सप्टेंबर २०२५ पासून ती कंपनी इथून बंदही झाली. तिकिटांची तुलना करताना बॅगेचे पैसे धरून करा. चार दिवसांना पाठीवरची एक पिशवी पुरते. जाकीट अंगात घालूनच विमानात बसायचं.

जाकीट म्हटलं कारण डिसेंबरात तिथे दिवसा पंधरा अंशांच्या आसपास असतं, रात्री त्याहून कमी, आणि पाऊस येतो. आपल्या मुलांना एसी सोडून थंडी माहीत नसते. सव्वापाचच्या आत सूर्य मावळतो, म्हणून दिवस लवकर सुरू करायचा.

विमानतळावरून शहरात यायला मेट्रो आहे, साधारण चाळीस मिनिटं. आम्ही गेलो तेव्हा मोठ्यांना ९ युरो, मुलांना निम्मे. चौघांचे २७. टॅक्सीचा दिवसाचा ठरलेला दर ४० होता, मध्यरात्रीनंतर ५५. बसला माणशी साडेपाच. बरोबर म्हातारं माणूस किंवा झोपलेलं मूल असेल तर टॅक्सीचे तेरा युरो जास्त गेले म्हणून हळहळू नका. मेट्रोत पाकीटमार असतात, तेव्हा दादर स्टेशनवर पर्स जशी पुढे धरतो तशी धरा. शहरात नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या विकत घेऊ नका. राहायला आम्ही ॲक्रोपोलिसच्या दक्षिणेला कूकाकी भागात छोटं स्वयंपाकघर असलेली जागा घेतली. तिथून सगळीकडे चालत जाता येतं. जागेच्या भाड्यावर दर रात्रीचा एक सरकारी आकार वेगळा द्यावा लागतो, उन्हाळ्यात जास्त, हिवाळ्यात कमी. तो हिशोबात धरा.

आता खाणं. बॅगेत तूप, पेढे, बर्फी भरू नका. युरोपीय संघाबाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. तांदूळ, मुगाची डाळ, चटणी आणि चिवडा पुरे. पण तेही आम्हाला फारसं लागलं नाही. ग्रीक लोकांचे उपास आपल्यासारखेच कडक असतात. नाताळच्या आधी १५ नोव्हेंबरपासून चाळीस दिवस, आणि ईस्टरच्या आधी पुन्हा, धार्मिक लोक मांस, दूध, अंडी सोडतात. त्या खाण्याला ते 'नीस्तीसिमो' म्हणतात. दुकानात, खानावळीत हा शब्द उच्चारला की शाकाहारी माणसाचं काम होतं. फक्त एक लक्षात ठेवा: त्यांच्या उपासाला कोळंबी आणि माकूळ चालते! तेव्हा तेवढं विचारून घ्या. पिवळ्या डाळीचं घट्ट वरण असतं, त्याला 'फावा' म्हणतात, वर कांदा, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे घेवडे, उकडलेली पालेभाजी, सकाळी रस्त्यावर मिळणारं तीळ लावलेलं कडं, 'कुलुरी'. मांसाहारी असाल तर सुवलाकी स्वस्त आणि पोटभर, पण ती बहुतेकदा डुकराची असते. कोंबडीची हवी असेल तर 'कोतोपुलो' म्हणा. आणि 'ने' म्हणजे हो, 'ओही' म्हणजे नाही. आमच्या मुलीने पहिल्या जेवणात पाव 'ने' म्हणून दोनदा मागवून घेतला, वेटर घेऊन जाईल या आशेने.

रविवारी सकाळी आठ वाजता दार उघडतं तेव्हा आम्ही ॲक्रोपोलिसच्या पायथ्याशी होतो. फुकटच्या दिवशी उशीर केला तर रांगेत उन्हं डोक्यावर येतात. इतर दिवशी जाणार असाल तर वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट आधीच घ्या. वरचा संगमरवर लाखो पावलांनी गुळगुळीत झालाय, म्हणून चांगल्या तळव्याचे बूट घाला. व्हीलचेअरवरच्या माणसांसाठी लिफ्ट आहे. पार्थेनॉन इसवी सनापूर्वी ४४७ ते ४३२ या काळात बांधलं. पुढे ते चर्च झालं, मशीद झालं, आणि १६८७ साली तुर्कांनी आत ठेवलेल्या दारूगोळ्यावर व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा पडून उडालं.

पण आमचं घर थांबलं ते शेजारच्या एरेक्थिऑनपाशी. तिथे जमिनीत खुणा दाखवतात. समुद्रदेव पोसायडन आणि अथेना यांची ह्या शहरावरून स्पर्धा लागली, त्याने त्रिशूळ मारून खारं पाणी काढलं, तिने ऑलिव्हचं झाड दिलं. लोकांनी झाड निवडलं आणि शहराला तिचं नाव दिलं. हे ऐकून नवरा म्हणाला, "अरे, हा पोसायडन आमच्या टाउन हॉलमध्ये आहे!" खरंच आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली. ती टाउन हॉल संग्रहालयात ठेवलीय. लहानपणी वडील त्याला बागेत न्यायचे तेव्हा त्याने ती पाहिली होती. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ती समुद्रापलीकडून आणून पंचगंगेकाठी ठेवली. त्याने तिथूनच वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. सासूबाई मागून म्हणाल्या, "वारं लई दिसतंय, डोक्याला बांधा कायतरी."

तिथून उतरून अकरा वाजता सिंतग्माच्या चौकात आलो. संसदेसमोरच्या पहारेकऱ्यांची दर रविवारची मोठी कवायत तेव्हा असते, तीही फुकट. चौकाखालच्या मेट्रो स्टेशनात खोदकामात सापडलेल्या वस्तू काचेमागे मांडल्या आहेत, त्या बघायला विसरू नका. आणि मग चालत पंधरा-वीस मिनिटांवर लायसियम. इथे बघण्यासारखं फार नाही, खरं सांगते. भिंतींचे पाये, गवत, सुगंधी झुडपं. १९९६ साली एका नव्या संग्रहालयासाठी खणताना हे सापडलं. इथे ॲरिस्टॉटल शिकवायचा.

मुलाने आधी वाचून ठेवलं होतं. ॲरिस्टॉटल अथेन्सचा नव्हता. उत्तरेतल्या स्तागिरा गावाहून तो सतराव्या वर्षी इथे शिकायला आला. बाहेरून येऊन इथे राहणाऱ्यांना 'मेटिक' म्हणत. त्यांनी काम करायचं, व्यापार करायचा, वर्षाला बारा द्राख्मा कर द्यायचा. इथला एक नागरिक त्यांचा पाठीराखा म्हणून नोंदवावा लागे. सभेत मत नाही, जमीन विकत घेता येत नाही. इसवी सनापूर्वी ४५१ मध्ये पेरिक्लिसने कायदा केला की आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. म्हणजे मेटिकांची मुलं इथेच जन्मली तरी मेटिकच.

मुलगा म्हणाला, "मम्मी, म्हणजे स्पॉन्सर. आणि मी इथेच जन्मलो तरी." तो शारजाला जन्मला आहे. पुण्यात तो कधी दोन महिन्यांपेक्षा जास्त राहिला नाही, आणि जूनपासून तिथेच जायचं होतं. मी त्याला काय उत्तर देणार? मी म्हटलं, हा माणूस सतराव्या वर्षी आला आणि वीस वर्षं शिकत राहिला. तो म्हणाला, "आणि शाळा काढली ती भाड्याच्या जागेत, विकत घेता येत नव्हती म्हणून." मग दोघं भावंडं त्या पायांच्या कडेने फिरत राहिली. आम्ही बाकावर बसून कुलुरी खाल्ली.

सोमवारी प्निक्स टेकडीवर गेलो, जिथे नागरिकांची सभा भरायची. तिथे तिकीट नाही. मग ॲक्रोपोलिस संग्रहालय पाहिलं. ह्याला पहिल्या रविवारची सूट नाही, म्हणून ते मुद्दाम दुसऱ्या दिवशी ठेवलं. मंगळवारी सकाळी मंडई, अर्धा किलो ऑलिव्ह, आणि परतीचं विमान.

खर्च विचाराल, तर निम्म्याहून जास्त विमानात गेला, मग जागा, मग व्हिसा. तिथे पोचल्यावर खिशातून फारच थोडं गेलं, कारण सगळ्यात चांगल्या गोष्टींना तिकीट नव्हतं. म्हणूनच म्हणते, बचत घरी बसून करायची असते, तारीख ठरवताना.

मुलगा जूनमध्ये गेला. आम्ही त्या वर्षीही जुलैत कोल्हापूरला गेलोच. सासूबाईंना टाउन हॉलमध्ये घेऊन गेलो. काचेतला तो वीतभर पोसायडन बघून त्या म्हणाल्या, "ह्याच्यासाठी एवढ्या लांब गेलता व्हय?"

आज रात्री एवढंच करा. घरातले सगळे पासपोर्ट आणि एमिरेट्स आयडी टेबलावर काढा, प्रत्येकाची मुदत एका कागदावर लिहा, आणि शेजारी पुढच्या वर्षाच्या सुट्ट्या. त्या कागदावरून पुढचं ठरेल. तिकिटाच्या ॲपकडे मात्र रात्री बारा वाजता बघू नका.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि गावाला फोन करा. नमस्कार.